बिनतारी वीज : कोठें घ्यावी व कोठें घेऊं नये

गेल्या उन्हाळ्यांत तालुक्याच्या गांवीं आठवड्याच्या बाजारांत एका विक्रेत्यानें एक लहानसें नवल मांडलें होतें. तळहाताएवढी एक काळी तबकडी. तिच्यावर मोबाईल नुसता ठेवला कीं त्याची बॅटरी भरूं लागे. मोबाईलला तार नाहीं, तिचें टोंक खुपसण्याचें भोक नाहीं, कांहीं नाहीं. भोंवतीं बरीच मंडळी जमली होती. आमच्या शेजारचे एक वृद्ध बागाईतदार हा प्रकार बराच वेळ निरखून पाहत होते. शेवटीं त्यांनीं विचारलें, "असें जर आहे, तर आमच्या विहिरीवरच्या मोटारीची तार कधीं निघणार?" विक्रेत्यानें क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, "दोन-चार वर्षांत, आबा!" मंडळी हसली, आमचे शेजारी मात्र हसले नाहींत. त्यांच्या मोटारीच्या केबलचें वेष्टन दोन ठिकाणीं फाटलें होतें, आणि पावसाळ्यापूर्वीं ती बदलावी किंवा नाहीं या विचारांत ते होते. परततांना वाटेंत ते आम्हांस म्हणाले, "दोन-चार वर्षांत तारच जाणार असेल, तर आतां तिच्यावर पैसे कशाला घाला?"

हा लेख लिहिण्याचें कारण तें वाक्य होय. विक्रेत्याचें उत्तर निराधार होतें. पण शेजाऱ्यांचा प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. नवी वस्तु बाजारांत आली म्हणजे ती घ्यावी कीं न घ्यावी एवढाच प्रश्न शेतकऱ्यापुढें नसतो. ती येणार या आशेवर जुन्या वस्तूची निगा सोडावी काय, हाही असतो, आणि मोठें नुकसान बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरानें होतें. आमचें मत आरंभींच सांगतों. बिनतारी वीज खरी आहे, उपयोगी आहे, आणि कांहीं कामीं तारेपेक्षां सरसही आहे. परंतु ती तारेची जागा घेत नाहीं. तिच्यामुळें तार नाहींशी होत नाहीं, फक्त बोटभर अलीकडे थांबते. एवढें ज्यानें ध्यानांत ठेविलें त्याची फसवणूक होणार नाहीं.

तत्त्व जुनेंच आहे

या युक्तीचें मूळ १८३१ सालचें आहे. त्या वर्षीं इंग्लंडांत मायकेल फॅरडे यांनीं असें दाखविलें कीं, तारेच्या एका वेटोळ्यांतील प्रवाह बदलता ठेविला तर शेजारच्या, त्याला कोठेंही न जोडलेल्या, दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. दोहोंमधील दुवा चुंबकीय क्षेत्राचा असतो आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं. शास्त्रांत यास विद्युत्-प्रवर्तन म्हणतात.

हें नांव अपरिचित वाटलें तरी त्याचें काम आपण रोज पाहतों. शिवेवर उभा असलेला ट्रान्स्फॉर्मर, ज्याला आपण डी. पी. म्हणतों, त्यांत अकरा हजार व्होल्टांचें वेटोळें व आपल्या मोटारींना वीज देणारें वेटोळें यांच्यामध्यें तारेचा सांधा नसतो. वीज एका वेटोळ्यांतून दुसऱ्यांत जाते ती चुंबकीय क्षेत्राच्या द्वारें. तेथें दोहोंमध्यें लोखंडी पत्र्यांचा गाभा असल्यानें तें क्षेत्र बाहेर सांडत नाहीं, इतकेंच. पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत आलेली इंडक्शनची शेगडीही याच जातीची. तिच्या कांचेखालीं वेटोळें असतें, आणि वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याचें बूड हेंच दुसरें वेटोळें बनून तापतें. तात्पर्य, ज्याच्या घरीं ही शेगडी आहे त्याच्या घरीं बिनतारी वीज केव्हांच आलेली आहे.

बाजारांतील तबकडींत याहून निराळें कांहीं नाहीं. तिच्या पोटांत तांब्याच्या तारेचें चपटें वेटोळें असतें. त्यांतील प्रवाहाची दिशा सेकंदाला एक ते दोन लक्ष वेळां, कांहीं नव्या यंत्रांत त्याहूनही अधिक वेळां, उलटसुलट होते. मोबाईलच्या पाठींत तसेंच दुसरें वेटोळें बसविलेलें असतें. त्यांत उत्पन्न झालेली वीज सरळ प्रवाहांत बदलून बॅटरींत भरली जाते. आपणांस किती वीज हवी हें मोबाईल तबकडीला खुणेनें कळवीत असतो, आणि वर कोणी बसलें नसेल तर तबकडी जवळजवळ स्वस्थ असते.

या कामीं सर्व कारखानदारांचें माप एक असावें म्हणून २००८ सालीं 'वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम' हा संघ स्थापन झाला. त्यानें ठरविलेल्या नियमांस 'ची' असें नांव आहे. प्राणशक्ति या अर्थाच्या चिनी शब्दावरून तें घेतलें असून, इंग्रजींत क्यू व आय या दोन अक्षरांनीं तें लिहितात. आरंभीं ५ वॅटपर्यंत वीज देणारा हा नियम पुढें १५ वॅटपर्यंत गेला, आणि २०२३ सालीं आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तींत दोन्हीं वेटोळीं नेमकीं एकावर एक बसावीं म्हणून चुंबकाची सोय झाली. शेर आणि पायली गांवोगांव निराळी असतांना बाजारांत जो घोटाळा होई, तो येथें होऊं नये हा त्याचा हेतु. म्हणून तबकडी घेतांना तिच्यावर हें चिन्ह आहे किंवा नाहीं, आणि आपल्या मोबाईलमध्यें मुळांत वेटोळें आहे किंवा नाहीं, हें आधीं पाहावें. कमी किंमतीच्या बहुतेक मोबाईलांत तें नसतें. आमच्याच आप्तांपैकीं एकानें अशी तबकडी मोठ्या हौसेनें घरीं आणली, आणि त्याचा मोबाईल तिच्यावर रात्रभर नुसता पडून राहिला. दुकानदारानें पैसे परत केले नाहींत.

अंतराचा कायदा

आतां कोणीही विचारील कीं, बोटभर अंतरावर जी वीज जाते ती हातभर, खांबभर, शेतभर कां जाऊं नये? याचें उत्तर पाणवठ्यावर मिळतें. भरलेली घागर दुसऱ्या घागरीच्या तोंडाशीं तोंड लावून ओतली तर पाणी फारसें सांडत नाहीं. तीच कमरेच्या उंचीवरून ओतली तर निम्मी जमिनीवर जाते. माडीवरून ओतली तर खालच्या घागरीला ओल लागली तरी पुष्कळ. चुंबकीय क्षेत्राची गोष्ट याहूनही कठीण आहे. वेटोळ्याच्या रुंदीच्या मानानें बरेंच दूर गेल्यावर अंतर दुप्पट केलें, तर क्षेत्राचा जोर अर्ध्यावर न येतां सुमारें एक अष्टमांशावर येतो. हा निसर्गाचा नियम आहे. कारखानदाराच्या हुशारीनें तो बदलत नाहीं.

हा नियम मोडून पाहण्याचे प्रयत्न मोठमोठ्यांनीं केले आहेत. निकोला टेस्ला यांनीं १८९९ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें प्रयोग केले, आणि १९०१ सालीं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथें एक प्रचंड मनोरा उभारण्यास आरंभ केला. त्यावरून दूरदूर संदेश आणि वीज दोन्ही पाठविण्याची त्यांची उमेद होती. जे. पी. मॉर्गन यांनीं दिलेलें भांडवल संपलें, अधिक मिळालें नाहीं, आणि १९१७ सालीं तो मनोरा पाडून टाकण्यांत आला. याच काळांत, म्हणजे १९१५ सालीं, आपल्याकडे टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली, आणि ती घांटाच्या पायथ्यापासून शहरापर्यंत तारांवरून गेली. एकीकडे अलौकिक बुद्धीचा मनोरा पडला, आणि दुसरीकडे साध्या तारेनें गिरण्या चालविल्या. यांत टेस्ला यांची थोरवी कमी होत नाहीं. तारेची योग्यता मात्र कळते.

पुढेंही प्रयत्न थांबले नाहींत. १९६४ सालीं विल्यम ब्राउन यांनीं सूक्ष्म तरंगांच्या झोतावर एक लहान हेलिकॉप्टर अधांतरीं ठेवून दाखविलें. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत गोल्डस्टोन येथें सुमारें दीड किलोमीटर अंतरावर तीस किलोवॅटहून अधिक वीज अशाच झोतानें पोंचविण्यांत आली. मात्र ती पाठविण्यास २६ मीटर व्यासाची तबकडी लागली, आणि झोताच्या वाटेंत माणूस वा जनावर येऊं देणें शक्य नव्हतें. २००७ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या विद्यापीठांत मारिन सोल्याचिच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन मीटरांहून अधिक अंतरावर ६० वॅटचा दिवा तारेविना पेटविला. झोपाळ्याला त्याच्या लयींत झोंका दिला म्हणजे थोड्या बळानें तो उंच जातो, त्या न्यायानें त्यांनीं दोन्हीं वेटोळीं एका लयीवर जुळविलीं होतीं. तरीही ओतलेल्या शंभर भागांपैकीं सुमारें चाळीसच दिव्यापर्यंत पोंचले. हा प्रयोग म्हणून थोर आहे. पण शंभरांतले साठ सांडणारा पाट कोणता बागाईतदार ठेवील?

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. रेडिओ बिनतारी, मोबाईलचें बोलणें बिनतारी, मग वीजच कां नको, असें पुष्कळांस वाटतें. परंतु संदेश निराळा आणि शक्ति निराळी. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें विद्युत्-लहरींनीं दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली; पण घंटेचें बळ तेथें ठेविलेल्या घटांतील होतें, लहरीनें फक्त इशारा दिला. शिवारांतून हांक मारली तर बांधावरचा गडी ती ऐकतो. म्हणून हांकेनें मोट ओढली जात नाहीं.

विकत घेण्यापूर्वीं तीन प्रश्न

या सर्वांतून एक व्यवहाराचा नियम निघतो. कोणतीही बिनतारी वस्तु पुढें आली कीं शेतकऱ्यानें तीन प्रश्न विचारावे : अंतर किती? वॅट किती? आणि वाया किती?

तीन उदाहरणांनीं हें स्पष्ट होईल. पहिलें टोलनाक्याचें. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीची झालेली फास्टॅगची चिकटपट्टी आपल्या गाडीच्या कांचेवर असते. तिच्यांत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या लहरींतूनच ती आपल्यापुरती वीज घेते आणि आपला क्रमांक सांगते. अंतर कांहीं मीटर. पण तिला लागणारी वीज एका वॅटच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. दुसरें उदाहरण मोबाईलच्या तबकडीचें. वीज पांच ते पंधरा वॅट. पण अंतर बोटाच्या जाडीहूनही कमी. तिसरें आपल्या मोटारीचें. पांच अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारें पावणेचार किलोवॅट, आणि खांबापासून विहिरीपर्यंतचें अंतर शेंकडों फूट. अंतर वाढवावें तर वॅट घटतात आणि वॅट वाढवावे तर अंतर घटतें. दोन्ही एकदम पाहिजे असतील तर तार हवी.

कोणी जाणकार येथें असा आक्षेप घेतील कीं, विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या जमिनींतील वेटोळ्यावर उभ्या करून तारेविना भरण्याची सोय निघाली आहे; २०२० सालीं तिचे नियमही ठरले असून त्यांत ११ किलोवॅटपर्यंत तरतूद आहे. आक्षेप खरा आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. वेटोळीं मोठीं, जुळणी चांगली व अंतर वीतभर असेल, तर शंभरांपैकीं नव्वदांच्या आसपास वीज पोंचते. परंतु जमिनींतल्या त्या वेटोळ्यापर्यंत वीज जाते कशानें? तारेनेंच. शिवाय गाडी ही येणारी-जाणारी वस्तु आहे. तिला सोडणें आणि जोडणें हा रोजचा उपद्व्याप असतो, म्हणून तेथें या खर्चाला अर्थ आहे. विहिरीवरची मोटार बसविली तेथें वर्षानुवर्षें बसून राहते. जें हलत नाहीं त्याला तार, आणि जें हातांत फिरतें, भिजतें, मळतें त्याला बिनतारी, असा सरळ विवेक करावा.

वायांचा हिशेबही करून पाहूं. साधारण मोबाईलच्या बॅटरींत सुमारें २० वॅट-तास वीज मावते. ती तारेनें भरतांना भिंतीवरून २३-२४ वॅट-तास व तबकडीवर ३० च्या आसपास लागतात असें धरूं. रोज एकदां भरला तर वर्षाचा जादा खर्च अडीच युनिटांच्या आंतच राहतो. तेवढ्यासाठीं कोणी कुरकुर करूं नये. आतां तेंच मोटारीला लावून पाहा. पांच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर तीस युनिटें लागतात. अगदीं उत्तम जुळणींतला दहावा हिस्साच वाया जातो असें मानलें, तरी रोज तीन युनिटांहून अधिक वीज उष्णता होऊन उडून जाईल. म्हणजे मोबाईलवर वर्षभरांत होणारें नुकसान एका दिवसांत झालें. सांडणें तेंच, पण वाटी सांडणें आणि विहीर सांडणें यांत फरक आहे.

कोठें घ्यावी

मग शेतकऱ्यास या विद्येचा उपयोग नाहींच काय? आहे, आणि तो शहरवासीयांपेक्षां अधिक आहे असें आमचें मत आहे. शहरांत ती सोय म्हणून आली. शेतावर ती गरज भागवूं शकते.

रात्रीच्या पाण्याचें उदाहरण घ्या. शेतीपंपांना पाळीपाळीनें कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं वीज देण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षें चालत आली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यांत २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ सालीं तिची दुसरी आवृत्ति आली. तथापि ज्यांच्या शिवारांत अजून रात्रीची पाळी आहे त्यांना विजेरीवांचून गत्यंतर नाहीं. चिखल, सर्प आणि कोठें कोठें बिबळ्या यांच्यामध्यें उभ्या असलेल्या माणसाचें सारें बळ त्या विजेरींत असतें. आणि ही विजेरी मरते कोठें? दिव्यांत नव्हे, बॅटरींतही नव्हे. तार खुपसण्याच्या भोकांत. तेथें चिखल जातो, पाणी जातें, खतांची धूळ जाते, गंज चढतो, आणि एके दिवशीं तार लागेनाशी होते. आमच्या खोपींत अशा चार विजेऱ्या पडल्या आहेत. चौघींच्याही बॅटऱ्या अजून चांगल्या आहेत.

अशा वस्तूला भोकच नसलें, तिचें अंग चोहोंकडून बंद असलें, आणि कोनाड्यांतील तबकडीवर ती नुसती ठेवली कीं भरत असली, तर तिचें आयुष्य वाढेल यांत शंका नाहीं. येथें वाया जाणारी थोडी वीज ही वाया नव्हे. ती टिकाऊपणाची किंमत आहे. अशा विजेऱ्या व कंदील निघूं लागले आहेत. मात्र घेतांना पाणी न शिरण्याचा दर्जा पाहावा. डब्यावर 'आय. पी. ६७' असें असेल तर धूळ आंत जात नाहीं, आणि एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूनही वस्तु बिघडत नाहीं, अशी ती परीक्षा असते.

दुसरी जागा गोठ्याची. परदेशांत पुष्कळ ठिकाणीं गुरांच्या कानांत असे बिल्ले असतात कीं ज्यांत बॅटरी नसते. वाचक-यंत्र जवळ नेलें कीं त्याच्या क्षेत्रांतून वीज घेऊन बिल्ला आपला क्रमांक देतो. सेकंदाला १,३४,२०० आवर्तनें हें त्याचें जगन्मान्य माप आहे. बिल्ल्यांत झिजण्यासारखें किंवा संपण्यासारखें कांहींच नसल्यानें तो जनावराच्या जन्मभर चालूं शकतो. आपल्याकडे गुरांच्या कानांत जो बारा आंकडी पिवळा बिल्ला दिसतो तो बहुधा नुसत्या छापील आंकड्यांचा व पट्ट्यांचा असतो. त्यास या जातीचा समजूं नये. परंतु मोठ्या गोठ्यांत प्रत्येक गाईच्या दुधाची व खुराकाची नोंद आपोआप ठेवावयाची असेल, तर बिनतारी बिल्ला हा उत्तम मार्ग आहे.

तिसरी जागा घरांतील वृद्धांची. ज्यांचे हात कांपतात, ज्यांना बारीक भोक दिसत नाहीं, त्यांना रोज तार लावणें ही शिक्षाच असते. मुलें नोकरीनिमित्त दूर आणि आईबाप वस्तीवर, अशीं घरें आतां गांवोगांव आहेत. मोबाईल न भरल्यामुळें अडचणीच्या वेळीं फोन लागूं नये, याहून तबकडीचा खर्च थोडा.

सावधगिरी

वाया गेलेली वीज उष्णता होते, आणि उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे. मोबाईलमधील लिथियमची बॅटरी ४५ अंशांपुढील तापांत भरणें तिला मानवत नाहीं. वैशाखांत पत्र्याच्या खोपींत भर दुपारीं तबकडी वापरूं नये. रात्रीं अथवा पहांटे, हवेशीर जागीं वापरावी. तबकडी आणि मोबाईल यांच्यामध्यें नाणें, किल्ली अथवा पातें राहिलें तर तें तापतें. चांगल्या तबकडींत तें ओळखून प्रवाह थांबविण्याची योजना असते, हलक्या मालांत ती असेलच असें नाहीं. ज्यांच्या छातींत हृदयाचे ठोके सांभाळणारें यंत्र बसविलें आहे त्यांनीं तबकडी व चुंबकाचे मोबाईल हातभर दूर ठेवावे, आणि वैद्याचा सल्ला घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, तबकडीला स्वतःला तार असते. तिचा खुंटा भिंतींतील २३० व्होल्टांच्या पेटींतच जातो. बिनतारी आहे म्हणून ती मोटारीच्या ओल्या खोलींत नेऊन ठेवणारा मनुष्य धोका टाळीत नाहीं, धोक्याला तेथें घेऊन जातो.

तारेचें ऋण

या ठिकाणीं आम्ही आपली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याही मोटारीची केबल फाटली होती. "हंगाम संपला कीं बदलूं," असें म्हणून आम्हीं ती चिकटपट्टीनें व प्लॅस्टिकच्या पिशवीनें गुंडाळून ठेविली. आर्द्राच्या पावसांत पिशवींत पाणी साठलें, आणि बांधावरून येणाऱ्या गड्याचा पाय तिच्यावर पडला. तो फेंकला गेला तो सुदैवानें कोरड्या वरंब्यावर, म्हणून वांचला. तीन दिवस तो दवाखान्यांत होता. आजही तो आमच्याकडेच आहे. पण पाऊस पडत असतां मोटारीच्या खोलींत जात नाहीं, आणि आम्ही त्याला जा म्हणत नाहीं. नव्या केबलला जो खर्च आला तो दवाखान्याच्या बिलाहून कमी होता. हा हिशेब आम्हांस आधीं सुचावयास हवा होता.

म्हणूनच "दोन-चार वर्षांत तार जाणार" हें वाक्य निरुपद्रवी नाहीं. तें ऐकून एकानें जरी केबल बदलण्याचें लांबणीवर टाकलें, तरी विक्रेत्याच्या त्या थट्टेची किंमत एखाद्या गड्याच्या घरादारास द्यावी लागेल. शेतकऱ्यानें नवलाकडे अवश्य पाहावें, पण फाटक्या तारेकडे पाठ करून नव्हे. पावसाळ्यापूर्वीं केबलचें वेष्टन तपासावें. उघडे सांधे काढून टाकावे. अर्थिंगचा खड्डा ओला व त्याची पट्टी घट्ट आहे ना हें पाहावें. आणि घरच्या व खोपीच्या दिव्याखुंट्यांच्या वाटेवर, तीस मिलिअँपियर वीज जमिनींत गळूं लागतांच प्रवाह तोडणारें यंत्र जाणत्या तारतंत्र्याकडून बसवून घ्यावें.

आपल्या मंडळासही एक सूचना करावीशी वाटते. रात्रीच्या पाण्यासाठीं बंद अंगाच्या, तबकडीवर भरणाऱ्या विजेऱ्या सभासदांकरितां एकत्र मागवाव्या. एकेकट्यानें घेतल्यास जो माल पदरांत पडेल, त्याहून शंभर जणांनीं मिळून पाहून-पारखून घेतलेला माल खात्रीचा असेल. खरेदी करतांना दोन अटी घालाव्या : एक, नियमाचें चिन्ह असावें, म्हणजे कोणाचीही विजेरी कोणाच्याही तबकडीवर भरेल, दुसरी, बॅटरी थकल्यावर ती बदलून मिळावी. नाहींतर बंद अंगाची वस्तु बॅटरीबरोबरच टाकून द्यावी लागेल, आणि भोकापासून वांचविलेले पैसे तेथें जातील.

आमच्या शेजाऱ्यांस आम्हीं हें सारें सांगितलें. ते थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "म्हणजे विजेरीला घ्यावी, आणि मोटारीला घेऊं नये?" आम्हीं होय म्हटलें. मृग निघण्यापूर्वीं त्यांच्या विहिरीवर नवी केबल पडली होती. या लेखाचें सार त्यांच्या त्या एका प्रश्नांत आलें आहे, आणि तें त्यांनीं आमच्यापेक्षां थोडक्यांत सांगितलें, हें कबूल करून आम्ही लेखणी ठेवतों.